आठ विरुद्ध शून्य, तरी ठराव नापास: इंदूरच्या एका आभासी महासंघाचं प्रकरण

या प्रकरणातल्या कोणाचंही नाव दिलेलं नाही. महासंघाचं आणि त्यातल्या राष्ट्रांचं नावही गाळलं आहे. मी स्वतः त्या काळात महासंघाची सचिव होते, त्यामुळे ही हकिगत तटस्थ नाही. जिथे चूक माझी होती तिथे तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

मार्च २०२० ची टाळेबंदी लागली तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरातली भावंडं आणि त्यांचे शाळासोबती नेशनस्टेट्स हा ऑनलाइन खेळ खेळू लागले. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या कादंबरीची प्रसिद्धी म्हणून तो सुरू केला होता. खेळणारा एक राष्ट्र काढतो, त्याचं नाव, झेंडा, चलन ठरवतो आणि रोज समोर येणाऱ्या पेचांवर निर्णय देत जातो. पण खरी रंगत राष्ट्रात नाही, 'प्रदेशा'त आहे. राष्ट्रं प्रदेशात एकत्र राहतात आणि तिथे खेळाडू आपापल्या घटना, निवडणुका, न्यायालयं उभी करतात. हे खेळाच्या यंत्रणेत कुठेही नसतं, सगळं माणसांनी ठरवून मानलेलं असतं.

तेव्हा यंत्रणा ओळखायची ती मुख्यतः दोनच माणसं. एक, प्रदेशाचा संस्थापक. त्याचा अधिकार तेव्हाच्या नियमांप्रमाणे जवळपास अमर्याद होता. दुसरा प्रतिनिधी. खेळात वर्ल्ड असेंब्ली नावाची जागतिक सभा आहे. आधी तिचं नाव संयुक्त राष्ट्रे होतं, पण २००८ च्या सुरुवातीला खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून हरकतीचं पत्र आलं आणि ते बदलावं लागलं. या सभेची सदस्य राष्ट्रं आपल्या प्रदेशातल्या दुसऱ्या सदस्याला पाठिंबा देतात आणि ज्याला सर्वांत जास्त पाठिंबे, तो प्रतिनिधी. एका माणसाला राष्ट्रं कितीही काढता येतात, सभेत मात्र एकच ठेवता येतं.

माझ्या चुलतभावाने प्रदेश स्थापन केला, तोच आमचा महासंघ. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. धाकटे त्याला दादा म्हणत, म्हणून इथेही दादाच म्हणते. सहा महिन्यांत चौदा राष्ट्रं झाली: इंदूरची नऊ, ग्वाल्हेरची तीन, देवासची दोन. घटना मी लिहिली. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि फार हौसेने लिहिली.

एक कलम आम्ही सरळ आपल्या मातीतून उचललं होतं. २८ मे १९४८ ला ग्वाल्हेर, इंदूर आणि शेजारची संस्थानं मिळून मध्य भारत झाला, तेव्हा राजधानीवरून दोन्ही शहरांत ओढाताण होती. तोडगा निघाला तो असा की हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. राजप्रमुख जिवाजीराव शिंदे आणि उपराजप्रमुख यशवंतराव होळकर. आमच्या सभेचं अध्यक्षपदही तसंच सहा-सहा महिने फिरायचं. ग्वाल्हेरच्या मुलांना ते मनापासून आवडलं होतं, आणि या व्यवस्थेवरून पुढे एकदाही वाद झाला नाही.

अडचण

वाद झाला तो दोन आकड्यांवरून. मी लिहिलेल्या घटनेत साध्या ठरावाला एकूण राष्ट्रांपैकी निम्म्यांची हजेरी हवी होती, म्हणजे सात. घटनादुरुस्तीला एकूण राष्ट्रांच्या दोन-तृतीयांश मतं, म्हणजे दहा. चौदाही जण घरात कोंडलेले होते तोवर काही बोचलं नाही. शाळा-कॉलेजं सुरू झाली तशी सहा मुलं हळूहळू यायची थांबली. त्यात आमचा न्यायाधीशही होता. २०२१ च्या उन्हाळ्यात हजर असणारे सात, आणि अधूनमधून दादा. साध्या ठरावालाही एखाद्याची परीक्षा असली की दुसऱ्याला फोन करून उठवावं लागे. घटनादुरुस्ती दोनदा मांडली. दोन्ही वेळा मतं पडली आठ विरुद्ध शून्य, आणि दोन्ही वेळा दुरुस्ती फेटाळली गेली. ही दुरुस्ती होती नेमकी दोन-तृतीयांशची अट सैल करण्याची.

आता खेळाचा एक नियम इथे महत्त्वाचा आहे. ज्या राष्ट्रात २८ दिवस कोणी लॉगइन करत नाही, ते राष्ट्र नाहीसं होतं. सुट्टीची सोय लावून ठेवली तर ही मुदत ६० दिवसांची होते. म्हणजे न येणाऱ्यांची सहा राष्ट्रं केव्हाच पुसली जायला हवी होती आणि एकूण आकडा आठवर यायला हवा होता. तो चौदावर अडून का बसला, हे आम्हाला कोणालाच सुचलं नाही. आमची समजूत अशी की मुलं येतात, राष्ट्र बघतात, सभेत मात्र बोलत नाहीत.

२२ नोव्हेंबर २०२१ ला रात्री मी हजेरीचा तक्ता करत होते. प्रत्येक राष्ट्राच्या पानावर शेवटची हालचाल कधी झाली ते दिसतं. पहिल्या झोपलेल्या राष्ट्रावर होतं: १८ दिवसांपूर्वी. दुसऱ्यावरही तेच, तिसऱ्यावरही तेच. सहाही राष्ट्रं, आणि दादाचं स्वतःचं. दिवस मोजले, तर लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. दादा तेव्हा चार दिवस घरी आला होता. नोकरी लागून तो सप्टेंबरातच दुसऱ्या शहरात गेला होता.

त्याला लगेच फोन केला. त्याने काहीच लपवलं नाही.

"ताई, पासवर्ड त्यांनीच दिले होते गं, दहावी-बारावीच्या परीक्षेपुरते. नंतर कोणी परत मागितले नाहीत. मी दर तीन आठवड्यांनी फक्त आत जाऊन बाहेर यायचो. मत एकदाही दिलं नाही."

ते खरं होतं. मतदान डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर, ज्याच्या-त्याच्या खात्यातून होत असे आणि सगळ्या नोंदी तपासल्या तरी त्या सहांचं एकही मत सापडलं नाही. त्याने हे केलं ते मायेपोटी. मित्र परत येतील तेव्हा त्यांना आपलं राष्ट्र जागेवर दिसावं, एवढंच. पण त्या मायेमुळे सभा कित्येक महिने जखडून पडली होती, कारण जी राष्ट्रं मत देणार नव्हती ती मोजली मात्र जात होती.

आणि आता दादालाही वेळ नव्हता. २ डिसेंबरला सहा राष्ट्रं पुसली जाणार होती, आणि त्यांच्याबरोबर संस्थापकाचंही. संस्थापक गेला की प्रदेश उघडा. असे निराधार प्रदेश बळकावणारे गट या खेळात वर्षानुवर्षं आहेत. ते आपली जागतिक सभेतली राष्ट्रं एका रात्रीत आत आणतात, स्वतःच्या माणसाला पाठिंबे देतात आणि दिवसातून दोनदा होणाऱ्या गणतीत प्रतिनिधीपद घेतात. मग मूळ रहिवाशांना हाकलणंही त्यांच्या हाती येतं. आमच्या सातांपैकी जागतिक सभेत होते फक्त तिघे, म्हणजे आमच्या प्रतिनिधीला पाठिंबे दोन. पाच जणांची टोळीही पुरली असती.

पर्याय

इथे माझी पहिली चूक झाली. ही गोष्ट मी चार दिवस सभेला सांगितली नाही. दादाची मान खाली जाऊ नये असं वाटत होतं, आणि आधी उत्तर शोधू, मग सांगू, असाही विचार होता. दहा दिवसांतले चार असे गेले.

२६ नोव्हेंबरला बैठक झाली आणि चार वाटा समोर आल्या.

पहिली, काहीच न करणं. सहा राष्ट्रं गेली की मोजदाद आपोआप सुटेल. पण त्याच दिवशी संस्थापकही जाईल. एक दुखणं बरं करायला दुसरं ओढवून घ्यायचं.

दुसरी, दादाने आपल्या राष्ट्राचा पासवर्ड मला द्यावा. ही सर्वांत सोपी वाट होती. ग्वाल्हेरचा मुलगा तिथल्या तिथे म्हणाला, "म्हणजे ज्याबद्दल आपण भांडतोय तेच पुन्हा. एकाचं राष्ट्र, दुसऱ्याचा हात." त्याचं बरोबर होतं. शिवाय जिने घटना लिहिली आणि जी सचिव आहे, तिच्याच खिशात प्रदेशाची किल्ली गेली असती.

तिसरी, घटना बाजूला ठेवून हजर असलेल्यांनी नवी घटना मंजूर करावी. याला इतिहासात आधार आहे. अमेरिकेच्या पहिल्या तेरा राज्यांचा जो जुना करार होता, त्यात बदलाला तेराही विधिमंडळांची संमती लागे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जमलेल्या प्रतिनिधींनी ती अट ओलांडली आणि नव्या घटनेसाठी नऊ राज्यांची मान्यता पुरेशी धरली. ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीच पाठवले नव्हते. दुसरीकडे आपल्याकडचं उदाहरण आहे १९३५ च्या कायद्यातल्या अखिल भारतीय महासंघाचं. वरिष्ठ सभागृहात संस्थानांना १०४ जागा होत्या. त्यांपैकी किमान ५२ जागांची आणि संस्थानी प्रजेच्या निम्म्या लोकसंख्येची संस्थानं सामील झाल्याखेरीज महासंघ सुरूच होणार नव्हता. तो आकडा कधी गाठला गेला नाही आणि महासंघ कागदावर राहिला. हे दोन्ही मी बैठकीत सांगितलं. माझा कल तेव्हा तिसऱ्या वाटेकडे होता, हे कबूल केलं पाहिजे. आठ विरुद्ध शून्यने हरण्याचा कंटाळा आला होता.

ती वाट अडवली देवासच्या मुलीने. ती सोळा वर्षांची होती, सगळ्यांत धाकटी. ती म्हणाली, "ताई, त्या सहा जणांना आपण एकदा तरी विचारलंय का?"

नव्हतं विचारलं. दादाने नाही, मीही नाही.

चौथी वाट तिथून निघाली. सहाही जणांना गाठायचं. ज्याला राहायचंय त्याने २ डिसेंबरच्या आत स्वतः लॉगइन करायचं. ज्याला नको, त्याचं राष्ट्र नियमाप्रमाणे जाऊ द्यायचं. दादाने फक्त स्वतःचं राष्ट्र उघडून सुट्टी लावायची, म्हणजे ६० दिवस मिळतात. तेवढ्यात घटना दुरुस्त करायची आणि नव्या संस्थापकाचा नवा प्रदेश काढायचा. प्रदेशाला पासवर्ड लावून दार बंद करावं, असंही कोणी सुचवलं होतं. पण मग नवं कोणी येणार कसं, म्हणून ते लगेच मागे पडलं.

कृती

दादाने त्याच रात्री सुट्टी लावली. डिस्कॉर्डची मालकी आमच्या अध्यक्षांकडे सोपवायला दोन मिनिटं लागली. सहा दिवसांत पाच जण सापडले. एक परत आला. चौघांनी जाऊ दे म्हटलं. त्यांतली एक मुलगी बराच वेळ बोलली आणि म्हणाली की आपलं राष्ट्र अजून आहे हेच तिला माहीत नव्हतं. सहाव्याचा, आमच्या न्यायाधीशाचा, जुना नंबर बंद होता. त्याच्या घरी जायला हवं होतं. दोन दिवस अजून असते तर गेलेही असते.

२ डिसेंबरला पाच राष्ट्रं नाहीशी झाली. उरली नऊ: आम्ही सात, परत आलेला एक आणि दादा. दुरुस्तीला आता सहा मतं पुरणार होती.

दुरुस्तीचा मसुदा या वेळी मी हौसेने नाही, जपून लिहिला. आकडे भारताच्या राज्यघटनेतून घेतले. अनुच्छेद ३६८ मध्ये घटनादुरुस्तीला दोन चाळण्या आहेत: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश. पहिल्या चाळणीमुळे मूठभर लोक घटना बदलू शकत नाहीत. दुसऱ्या चाळणीत गैरहजर माणूस मोजलाच जात नाही. मी पहिल्या खेपेला दोन्ही चाळण्यांची एकच करून ठेवली होती. अनुच्छेद १०१ प्रमाणे सदस्य परवानगीवाचून ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. हा शेवटचा 'शकतं' महत्त्वाचा. जागा आपोआप जात नाही, सभागृहाला तसं ठरवावं लागतं. आम्हीही तेच ठेवलं. साध्या ठरावाची हजेरी एक-तृतीयांशवर आणली. संसदेत ती एक-दशांश आहे, पण नऊ जणांत एक-दशांश म्हणजे एकटा माणूस.

१२ डिसेंबरला मतदान झालं. सात बाजूने, एक विरोधात, दादा तटस्थ. विरोधी मत ग्वाल्हेरच्या मुलाचं. मसुद्याला त्याचा आक्षेप नव्हता. त्याने लिहिलं: "सचिवांना २२ तारखेला कळलं होतं, आम्हाला २६ ला. मधले चार दिवस आम्ही कोणाच्या भरवशावर होतो?" मी सभेची माफी मागितली. पुढच्या मार्चमध्ये तो महासंघ सोडून गेला.

पाठिंब्यांचं काम त्याहून अवघड निघालं. जागतिक सभेत गेलं की तिथे मंजूर झालेले ठराव आपल्या राष्ट्राला लागू होतात. ज्याने दीड वर्षं आपला कायदा घडवला, त्याला ते पटेना. एकीचं सभासदत्व दुसऱ्या एका मोठ्या प्रदेशात होतं, ते तिने इकडे आणलं. आणखी दोघे तयार झाले, प्रतिनिधीचे पाठिंबे दोनावरून पाचावर गेले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन अनोळखी राष्ट्रं प्रदेशात शिरली. आम्ही आळीपाळीने सकाळ-रात्रीच्या गणतीला जागे राहिलो. चार दिवसांनी ती निघून गेली. ती कशासाठी आली होती ते कळलं नाही.

नव्या प्रदेशाचा संस्थापक म्हणून आम्ही कोणाचंच नसलेलं एक राखणदार राष्ट्र काढलं. पासवर्डचे दोन भाग केले. संक्रांतीला तिळगूळ वाटता वाटता अर्धा भाग कागदावर लिहून इंदूरच्या सदस्याला दिला, अर्धा ग्वाल्हेरला पाठवला. दोन राजधान्यांची आमची जुनी कल्पना, आणि सगळे खूश होते. देवासच्या मुलीने पुन्हा विचारलं, "पासवर्ड विसरला तर नवा कोणत्या ईमेलवर येतो?"

ईमेल माझा होता. म्हणजे दोन भागांना अर्थच नव्हता. किल्ली माझ्याच खिशात होती, फक्त आता ती दिसत नव्हती. वेगळा ईमेल काढला, तर त्याचा पासवर्ड कोणाकडे, हा प्रश्न उरलाच. शेवटी आम्ही कुलूप वाढवत बसणं सोडलं आणि उघडपणावर भर दिला. राखणदार राष्ट्राची शेवटची हालचाल सगळ्यांना दिसतेच. म्हणून ठरवलं की ते बैठकीत, सर्वांसमोर, ठरलेल्या दिवशीच उघडायचं. एरवी हालचाल दिसली तर सचिवाने उत्तर द्यायचं. आधी 'महिन्याच्या १ तारखेला' असं लिहिलं होतं. ३१ दिवसांच्या महिन्यात २८ दिवसांची मुदत उलटून गेली असती, हे वेळीच लक्षात आलं. मग १ आणि १५ केलं.

निष्पत्ती

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आठही राष्ट्रं नव्या प्रदेशात आली. दादाचं राष्ट्र मुदत संपल्यावर गेलं आणि रिकामा झालेला जुना प्रदेशही संपला. २०२२ मध्ये चार घटनादुरुस्त्या मांडल्या गेल्या. तीन मंजूर झाल्या, एक पडली, आणि ती पडली ती खरोखर विरोधात मतं पडली म्हणून.

२०२३ मध्ये खेळानेच नियम बदलले. संस्थापकाच्या जागी गव्हर्नर आला आणि त्याला वारस नेमून ठेवता येऊ लागला. आमच्या राखणदार राष्ट्राची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. १ आणि १५ ची प्रथा तरी सभेने चालू ठेवली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

घटना लिहिताना मी राष्ट्रं मोजली. मोजायला हवी होती माणसं. 'सदस्य' म्हणजे राष्ट्र की ते चालवणारी व्यक्ती, याची व्याख्या एका ओळीची होती आणि ती मी लिहिली नाही. ती असती, तर दादाने पहिल्यांदा दुसऱ्याचं राष्ट्र उघडलं तेव्हाच त्याला थांबून विचारावं लागलं असतं.

हजेरीचा तक्ता २०२१ च्या उन्हाळ्यातच करता आला असता. माहिती पानावर उघड होती, बघितली कोणी नाही. दुरुस्ती पहिल्यांदा फेटाळली गेली तेव्हा आम्ही पुन्हा तीच दुरुस्ती मांडली. ती का पडते, मत न देणारे कोण आहेत, हे शोधायला कोणी निघालं नाही.

तिसरी वाट, घटना बाजूला ठेवण्याची, अगदीच चुकीची होती असं मी अजूनही म्हणणार नाही. सहाही जण मुदतीत परत आले असते आणि पुन्हा गप्प बसले असते, तर ती घ्यावीच लागली असती. पण तेव्हा निदान त्यांना विचारून झालेलं असतं.

आणि ते चार दिवस. न्यायाधीश सापडला नाही तो त्या चार दिवसांमुळे. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो स्वतःच आला. पुसलं गेलेलं राष्ट्र मालकाला परत उठवता येतं, पण ते आपल्या जुन्या जागी येत नाही. लाझारस, ओसायरिस किंवा बाल्डर या प्रदेशांपैकी एकात उगवतं. तिथून त्याने पत्र लिहिलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षात आई आजारी होती, म्हणून येणं बंद झालं होतं. राष्ट्र दादा सांभाळतोय हे त्याला माहीत होतं, आणि तो निश्चिंत होता. त्याने विचारलं, "मला काढलं तेव्हा मतदान झालं होतं का?"

झालं नव्हतं. त्याचं राष्ट्र मुदतीने गेलं होतं, सभेने त्याच्याबद्दल काहीच ठरवलं नव्हतं.

त्याला परत घेण्याचा ठराव त्याच आठवड्यात एकमताने मंजूर झाला. त्याच बैठकीत गैरहजरीच्या कलमाला पुस्ती जोडली: जागा रिकामी ठरवण्याआधी सदस्याला तीनदा, दोन वेगळ्या मार्गांनी कळवायचं, आणि नंबर बंद असेल तर त्याच्या शहरातल्या सदस्याने घरी जाऊन यायचं. मसुदा त्यानेच लिहिला. देवासमध्ये तेव्हा एकच सदस्य उरली होती, म्हणून तिच्या घरी कोणी जायचं हा प्रश्न आला. शेवटी तेवढ्यापुरतं इंदूर आणि देवास एकच शहर धरायचं ठरलं.